रात्रीच्या पाण्याची पाळी आणि डोळ्यातली लेन्स : एका मोतीबिंदूचं प्रकरण

कराडजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावातले शेतकरी, वय ६९. घरात आणि गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. दोन एकर ऊस, थोडी भाजी, दोन म्हशी. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढणं, डोळ्याची मापं घेणं आणि शस्त्रक्रियेआधी घरच्यांशी बोलणं ही माझी कामं. त्यामुळे या प्रकरणातला निर्णय कसा वळत गेला ते मला जवळून पाहता आलं.

तक्रार उजव्या डोळ्याची होती. वर्षभर धुकं, आणि गेल्या काही महिन्यांत त्या डोळ्याने माणूस ओळखू येईना. डावा डोळा बरा चालत असल्यामुळे आप्पांनी ते अंगावर काढलं. शेतीच्या विजेची पाळी आठवड्याआड रात्रीची असते. अशाच एका रात्री मोटार चालू करायला जाताना त्यांचा पाय बांधावरून घसरला आणि ते पाटात पडले. हाड मोडलं नाही, पण पुण्याला नोकरीला असलेला मुलगा दुसऱ्या दिवशी गावी आला आणि त्यांना घेऊन थेट दवाखान्यात हजर झाला.

बोलता बोलता आप्पा एक गोष्ट कौतुकाने सांगून गेले : दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचा वाचायचा चष्मा सुटला होता. "पेपर बिनचष्म्याचा वाचतोय म्हणून मी सगळ्यास्नी सांगत हुतो." वयस्क माणसाला एकाएकी जवळचं चष्म्याशिवाय दिसू लागणं ही आनंदाची बातमी वाटते, पण बहुतेकदा ती मोतीबिंदूचीच सुरुवात असते. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, त्याची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते आणि डोळ्याला उणे नंबर येतो. जवळचं सुधारतं, लांबचं बिघडतं. पुढे गाभा पिवळा, मग तपकिरी होतो आणि जवळचंही जातं. गावातल्या कुणी असं सांगितलं तर अभिनंदन करण्याआधी त्याला डोळे तपासायला पाठवा, असं मी प्रत्येक आशाताईला सांगत असते.

तपासणीत उजव्या डोळ्याने एक मीटरवरची बोटं कशीबशी मोजता येत होती. डावा डोळा ६/१८, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारं अक्षर त्याला सहा मीटरवरून दिसे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गडद तपकिरी, कठीण. डाव्यात मध्यम, अजून मऊ. डोळ्याचा दाब दोन्हीकडे ठीक. टॉर्चचा उजेड कुठून येतो ते उजवा डोळा चारही दिशांना बरोबर सांगत होता आणि बाहुलीची हालचालही योग्य होती. म्हणजे मागचा पडदा आणि नस काम करत असावी, असं मानायला आधार होता. पण प्रत्यक्ष पडदा दिसत नव्हता, मोतीबिंदूच इतका दाट. म्हणून सोनोग्राफी केली. पडदा जागेवर होता. डाव्या डोळ्याचा पडदा मात्र दिसला आणि त्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे बारीक ठिपके होते. मध्यभागी सूज नव्हती.

दोन गोष्टी आणखी सापडल्या आणि पुढचं सगळं त्यांच्यावर फिरलं.

पहिली, पारपटलाच्या आतल्या पेशी. बुबुळावरच्या पारदर्शक काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्या पाणी बाहेर ढकलत राहतात म्हणून काच स्वच्छ राहते. या पेशी गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. उतारवयात साधारण दोन ते अडीच हजार पेशी दर चौरस मिलिमीटरला असाव्यात. आप्पांच्या उजव्या डोळ्यात त्या सोळाशेच्या आसपास भरल्या.

दुसरी गोष्ट आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या पिशवीतून निघाली. गोळ्यांच्या पाकिटांमध्ये टॅम्सुलोसिन होतं. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं, दोन-तीन वर्षांपासून चालू. आप्पांनी त्याचा उल्लेखच केला नव्हता. "ती काय डोळ्याची गोळी न्हवं," हे त्यांचं उत्तर, आणि त्यांच्या जागी कुणीही हेच म्हणेल. पण प्रोस्टेटचा स्नायू सैल करणारं हे औषध बाहुली मोठी करणारा स्नायूही सैल करतं. शस्त्रक्रियेच्या मध्येच बाहुली आकसते, बुबुळाचा पडदा लुळा पडून फडफडतो आणि छेदातून बाहेर येऊ पाहतो. २००५ साली अमेरिकेत डेव्हिड चँग आणि जॉन कँपबेल यांनी या प्रकाराचं वर्णन प्रथम केलं. औषध चार दिवस बंद करून हे टळेल याची खात्री नसते, उलट लघवी अडण्याचा धोका वाढतो. सर्जनला आधी माहीत असणं हाच खरा उपाय. मग बाहुली मोठी ठेवणारं इंजेक्शन, बुबुळ धरून ठेवायचे बारीक हुक, सगळं हाताशी ठेवता येतं. म्हणून आमच्याकडे चिठ्ठीतली औषधं विचारत नाही, पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो.

मुलाची मागणी

मुलगा तयारीने आला होता. मोबाईलवर दोन-तीन रुग्णालयांची दरपत्रकं होती. "ताई, पैशाचा प्रश्न नाही. सगळ्यात भारी लेन्स घाला आणि लेझरनंच करा. आप्पांनी आयुष्यभर आमच्यासाठी केलंय." त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स बसवली होती. ते बँकेतून निवृत्त, आता मोबाईल, टीव्ही, पेपर सगळं चष्म्याशिवाय. वडिलांसाठी जे उत्तम ते हवं, यात चूक काहीच नव्हतं. अडचण दरपत्रकाची होती. त्यात शस्त्रक्रियेची पद्धत आणि लेन्स यांचं एकच पॅकेज केलेलं असतं : सगळ्यात खाली टाक्यांविना साधी, मग फेको, मग लेझर आणि मल्टिफोकल. वाचणाऱ्याला ती एकाच जिन्याच्या पायऱ्या वाटतात आणि वरची पायरी म्हणजे चांगली नजर, असा समज होतो.

खरं तर हे दोन वेगळे निर्णय आहेत. मोतीबिंदू बाहेर कसा काढायचा हे डोळ्याची अवस्था ठरवते. आत कोणती लेन्स ठेवायची हे पडद्याची तब्येत आणि त्या माणसाचा दिवस कसा जातो यावर ठरतं. आप्पांच्या बाबतीत तर दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची होती.

आधी पद्धत. लोक ज्याला सर्रास लेझर म्हणतात ते बहुतेक वेळा फेको असतं आणि फेकोत लेझर नसतो. २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून एक सुई आत जाते, ती ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या कंपनसंख्येने थरथरते, मोतीबिंदूचा गाभा फोडते आणि ओढून घेते. चार्ल्स केलमन यांनी ही पद्धत १९६७ मध्ये आणली. छेद इतका लहान की जखम लवकर भरते आणि तिरपा नंबर, म्हणजे काचेची वक्रता सगळीकडे सारखी नसल्यामुळे येणारा नंबर, फारसा येत नाही. बहुतेक डोळ्यांसाठी आज हीच पहिली निवड आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र गाभा जितका कठीण तितकी ध्वनिऊर्जा जास्त लागते आणि तिचा मार त्या आतल्या पेशींना बसतो. जिथे पेशी आधीच कमी, तिथे काच कायमची सुजून धुरकट होण्याची भीती असते.

एसआयसीएसमध्ये, म्हणजे छोट्या छेदाच्या हाताने करायच्या शस्त्रक्रियेत, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करतात आणि गाभा अख्खाच बाहेर काढतात. बोगदा आतल्या दाबाने आपोआप मिटतो, म्हणून टाका लागत नाही. ध्वनिऊर्जा नाही. यंत्रही महाग लागत नाही, म्हणून शिबिरांमधून हीच जास्त होते. आणि म्हणूनच ती गरिबांची, कमअस्सल शस्त्रक्रिया, असा शिक्का तिच्यावर बसला आहे.

खरा लेझर, फेम्टोसेकंद, छेद आणि भिंगाच्या पिशवीवरचं गोल तोंड कापून देतो, गाभ्याला चिरा पाडतो. उरलेलं काम पुन्हा फेकोच करतो. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत त्याची साध्या फेकोशी तुलना झाली आणि २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : रुग्णाच्या दृष्टीने लेझर सरस ठरला नाही, खर्च मात्र वाढला. आप्पांची बाहुली पुरेशी मोठी होणार नाही अशी शक्यता होती, आणि लहान बाहुलीत हा लेझर नीट चालवताच येत नाही. तो पर्याय पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला.

सर्जन मॅडमनी उजव्या डोळ्यासाठी एसआयसीएस सुचवली. मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे शिबिरातलं ऑपरेशन?"

त्याला मी पुण्यातच झालेला अभ्यास दाखवला. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने फेको आणि एसआयसीएसची वाटणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर फेकोत ८१ टक्के आणि एसआयसीएसमध्ये ७१ टक्के रुग्णांना होती. चष्मा लावल्यावर दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या पुढे. चष्म्याशिवायच्या नजरेत फेको पुढे आहे हे मी लपवलं नाही, लपवायचं कारणही नाही. पण मग नेपाळमधला अभ्यासही सांगितला, कारण आप्पांचा डोळा त्याच्या जास्त जवळचा होता. तिथे खूप पिकलेले मोतीबिंदू होते. एसआयसीएस नेपाळचे सर्जन संदुक रुईत यांनी केली, फेको वर उल्लेख आलेल्या डेव्हिड चँग यांनी, दोघेही आपापल्या हातात निष्णात. १०८ रुग्ण. सहा महिन्यांनी चष्म्याशिवाय चांगली नजर एसआयसीएसमध्ये ८९ टक्के, फेकोत ८५ टक्के, म्हणजे फरक नगण्य. पहिल्या दिवशी काचेची सूज मात्र एसआयसीएसच्या रुग्णांत कमी होती. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुलाने बराच वेळ आकडे वाचले. मग त्याने नेमका प्रश्न विचारला : "पण मोठ्या छेदाने तिरपा नंबर येईल ना?" येतो. छेद जिथे असतो तिथली वक्रता थोडी सपाट होते. आप्पांच्या उजव्या डोळ्यात आडव्या अक्षावर वक्रता आधीच जास्त होती, सुमारे दीड नंबरची. उतारवयात असं बरेचदा असतं. छेद वरच्या बाजूला केला असता तर हा तिरपा नंबर वाढला असता. कानाच्या बाजूला केला तर तीच सपाटी उपयोगी पडून नंबर कमी होणार होता. मॅडमनी कानाकडचा छेद ठरवला. पद्धतीच्या नावापेक्षा असा विचार करणारा हात महत्त्वाचा, हे मी वर्षानुवर्षं मापं घेताना पाहत आले आहे.

लेन्स

एसआयसीएस म्हटलं की कडक लेन्सच बसते, हाही गैरसमज. त्याच छेदातून फोल्डेबल, म्हणजे घडी घालून आत सरकवायची लेन्सही घालता येते. हे कळल्यावर मुलाचा अर्धा विरोध मावळला.

मल्टिफोकलवर मात्र बोलणं लांबलं. ही लेन्स येणारा प्रकाश वाटून देते : काही लांबच्यासाठी, काही जवळच्यासाठी. चष्मा बराचसा सुटतो, आणि दिवसा चांगल्या उजेडात वावरणाऱ्या, वाचनाची आवड असलेल्या, पडदा निरोगी असलेल्या माणसाला तिचा आनंद खरोखर मिळतो. बँकेतल्या त्या काकांचं समाधान खरंच आहे. पण वाटलेल्या प्रकाशाची किंमत रात्री मोजावी लागते. दिव्याभोवती कडी दिसतात, समोरून येणाऱ्या गाडीचा झोत पसरतो, आणि काळोखात मातीचा रंग आणि पाण्याचा रंग यांतला फरक पुसट होतो. आप्पांना नेमका हाच फरक हवा होता. बांध कुठे संपतो आणि पाट कुठे सुरू होतो, हे बॅटरीच्या उजेडात कळायला हवं. शिवाय मधुमेहाचे ठिपके डाव्या पडद्यावर दिसत होते, उजवा पडदा तर अजून कुणी पाहिलाच नव्हता. पुढे पडद्याच्या मध्यावर सूज आली तर मल्टिफोकलमधून मिळणारी आधीच कमी झालेली स्पष्टता आणखी खालावते.

हे सगळं मी मुलाला सांगत होते, तेवढ्यात आप्पाच बोलले. "पेपराला चष्मा लागला तर लागूं दे. चाळिशीपास्नं लावतोयच की. रात्रीचं बांधावरनं पाय घसरू न्हाई, एवढंच बघा."

निर्णय तिथे झाला. लांबच्या नजरेसाठी एकाच नंबरची, हायड्रोफोबिक (पाणी न धरणाऱ्या) ॲक्रिलिकची, चौकोनी कडेची ॲस्फेरिक (कडेकडे वक्रता बदलत जाणारी) लेन्स. ॲस्फेरिक घडणीमुळे मंद उजेडातली स्पष्टता थोडी सुधारते, आणि त्या साहित्यामुळे व कडेमुळे पुढे लेन्समागच्या पिशवीवर येणारी जाळी कमी धरते. मधल्या पल्ल्याच्या लेन्स, तिरपा नंबर घालवणारी टोरिक, एका डोळ्याला लांबचं आणि दुसऱ्याला जवळचं, हे पर्यायही सांगितले. आप्पांना त्यात रस नव्हता आणि आम्हीही ताणलं नाही.

पैशांचं थोडक्यात : मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडील होते. अशा पॉलिसींमध्ये मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्यामागे ठरावीक मर्यादा असते आणि महागड्या लेन्सचा फरक खिशातून जातो. स्वतः काढलेल्या पॉलिसीत अनेकदा दोन वर्षं थांबावं लागतं. निवडलेली लेन्स मर्यादेत बसली.

मापं

लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवर आणि काचेच्या वक्रतेवर ठरतो. लांबीत एका मिलिमीटरची गफलत झाली तर शस्त्रक्रियेनंतर अडीच ते तीन नंबरचा चष्मा पदरात पडतो, मग लेन्स कितीही भारी असो. प्रकाशावर चालणारं मोजणी यंत्र आप्पांच्या उजव्या डोळ्यात हरलं, इतका मोतीबिंदू दाट होता. म्हणून पाण्याची वाटी डोळ्यावर धरून ध्वनिलहरींनी लांबी मोजली. यात तपासणीची सळई काचेला टेकत नाही, त्यामुळे डोळा दाबला जाऊन लांबी खोटी कमी येत नाही. दोन्ही डोळ्यांच्या लांबीतला फरक तपासला, आकडा पुन्हा घेतला, आणि मगच नंबर सर्जनकडे दिला. दरपत्रकात या टप्प्याचा उल्लेख नसतो, पण कुठेही शस्त्रक्रिया करायची असली तरी माप कोणत्या यंत्रावर आणि किती वेळा घेतलं, हे जरूर विचारा.

थांबायचं का, हा प्रश्न आप्पांच्या थोरल्या बहिणीने फोनवरून विचारला होता : "पिकल्यावरच काढायचा असतो ना?" पूर्वी तसं होतं. अख्खं भिंग पिशवीसकट काढायच्या जुन्या पद्धतीत, जाड चष्मे आणि टाके असण्याच्या काळात, नजर अगदीच गेल्यावर शस्त्रक्रिया करणं शहाणपणाचं होतं. आता ते उलटं आहे. पिकू दिलेला मोतीबिंदू कठीण होतो, काढताना धोका वाढतो, आणि फार फुगला किंवा गळू लागला तर डोळ्याचा दाब चढून काचबिंदूसारखी आपत्ती ओढवते. उजवा डोळा दीड वर्षापूर्वी आला असता तर कदाचित साध्या फेकोने भागलं असतं. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, मधाने नाही, कुठल्याच अंजनाने नाही. मधल्या काळातले काही महिने आप्पांचे अशाच एका बाटलीवर गेले होते.

शस्त्रक्रिया आणि नंतर

साखर आटोक्यात आणायला दोन आठवडे घेतले. डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन दिलं. अपेक्षेप्रमाणे मध्येच बाहुली आकसू लागली. इंजेक्शन तयार होतंच, बाहुली धरली गेली, हुक लागले नाहीत. पिशवीचं तोंड नीट दिसावं म्हणून निळा रंग वापरला होता. गाभा गुळाच्या खड्यासारखा, गडद तपकिरी, अख्खा बाहेर आला. पिशवी शाबूत राहिली, लेन्स आत बसली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा नजर ६/२४, काचेवर किंचित सूज. आप्पांनी पहिल्यांदा काकूंच्या लुगड्याचा रंग विचारला. तपकिरी भिंग निळा प्रकाश अडवून धरतं, त्यामुळे बरेच रुग्ण पहिले काही दिवस सगळं निळसर दिसतं म्हणतात. त्याच दिवशी पडदा पाहिला : डाव्यासारखेच ठिपके, मध्यभाग कोरडा.

घरी जाताना औषधांपेक्षा कामांवर जास्त बोललो. थेंब कोण घालणार? काकूंची बोटं सांधेदुखीने वाकडी, म्हणून सुनेला शिकवलं. महिनाभर म्हशीच्या शेणाला हात नाही, जड उचलणं नाही, आणि उसाच्या फडात तर पाऊलच नाही, कारण उसाची पात डोळ्याला लागून झालेली बुरशीची जखम भल्या डोळ्यालाही घालवते. पाण्याची पाळी पुतण्याने घेतली. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा आलेली नजर कमी झाली, तर त्याच दिवशी यायचं. सकाळची वाट पाहायची नाही, हे सगळ्यांकडून पुन्हा वदवून घेतलं.

सहा आठवड्यांनी उजवा डोळा चष्म्याशिवाय ६/९. तिरपा नंबर दीडवरून पाऊणवर आला होता. वाचायला अडीचचा चष्मा दिला. आतल्या पेशींची घट झाली, पण काच स्वच्छ राहिली.

डाव्या डोळ्यासाठी आप्पा स्वतःच म्हणाले, "ह्यालाबी तसंच करा." मात्र तो डोळा वेगळा होता. गाभा मऊ, पेशी चांगल्या. सर्जननी फेको सुचवली आणि लेन्स तीच ठेवली. या वेळी मुलाने दरपत्रक काढलं नाही. त्याने विचारलं की बाहुली पुन्हा आकसली तर काय तयारी आहे, आणि माप या डोळ्यात प्रकाशाच्या यंत्रावर येईल का. माप आलं. शस्त्रक्रिया गळीत हंगाम संपल्यावर ठरली आहे, आणि त्याआधी डाव्या पडद्याचा मध्यभाग पुन्हा एकदा तपासायचा आहे. त्यानंतरही मधुमेहासाठी दोन्ही पडदे दर वर्षी पाहायचे, ही तारीख सुनेने आपल्या मोबाईलमध्ये लावून घेतली आहे.